मारियान रेयेव्स्की

पोलंड देशातील बिद्गोश्च या नगरात १६ ऑगस्ट १९०५ रोजी मारियान रेयेव्स्की यांचा जन्म झाला. त्या वेळी तेथे जर्मनांची सत्ता होती. त्यामुळे बालपणापासूनच त्यांना जर्मन भाषा अवगत झाली. पुढे पोझनान येथील विद्यापीठात त्यांनी गणिताचे अध्ययन केले.

१९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. परंतु बलाढ्य शेजाऱ्याचे भय कायम होते. जर्मन सैन्य आपले बिनतारी संदेश 'एनिग्मा' नावाच्या यंत्राने सांकेतिक करून पाठवीत असे. या यंत्रात तारा गुंफलेली तीन चाके होती. एक अक्षर दाबले की त्याऐवजी भलतेच अक्षर उजळे. शिवाय प्रत्येक वेळी चाक एक घर पुढे सरके. म्हणून तेच अक्षर पुन्हा दाबले तरी उत्तर निराळे येई. चाकांची आरंभीची स्थितीही दररोज बदलली जाई.

१९३२ साली रेयेव्स्की वॉर्सा येथील सांकेतिक लिपी विभागात रुजू झाले. सैन्याचे ते यंत्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. बाहेर पडणाऱ्या अक्षरांवरून आतील चाकांची रचना ओळखावयाची होती! चूक होऊ नये म्हणून जर्मन लोक प्रत्येक संदेशाच्या प्रारंभी तीन अक्षरांची किल्ली दोनदा पाठवीत. अर्थात पहिले व चौथे अक्षर ही एकाच मूळ अक्षराची दोन रूपे असत. एवढाच धागा धरून रेयेव्स्की यांनी समीकरणे मांडली. फ्रेंच हेरखात्याने मिळविलेल्या कागदांचेही त्यांना साहाय्य झाले. तरीही उत्तर येईना. कळफलकाच्या तारा चाकांकडे कोणत्या क्रमाने जातात, हेच कळत नव्हते. अखेर शिस्तप्रिय जर्मनांनी साधा वर्णमालेचाच क्रम ठेवला असेल, असे त्यांनी मानून पाहिले. आणि कोडे सुटले! तो डिसेंबर महिना होता.

पुढे येझी रुझित्स्की व हेन्रिक झिगाल्स्की या सहकाऱ्यांसह त्यांनी रोजची किल्ली शोधण्याची साधने तयार केली. जुलै १९३९ मध्ये पोलंडने हे सर्व ज्ञान इंग्रज व फ्रेंच मित्रांच्या हाती दिले. १ सप्टेंबर रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. देश पडला, परंतु ते ज्ञान वाचले. त्याच पायावर इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग आदी गणितज्ञांनी पुढील कार्य उभारले.

रेयेव्स्की यांना मातृभूमी सोडावी लागली. रुमानिया, फ्रान्स आणि स्पेनमधील तुरुंगवास असा खडतर प्रवास करून ते इंग्लंडला पोहोचले. १९४६ साली ते पत्नी व मुलांकडे परतले आणि हिशेबनिसाची साधी नोकरी करू लागले. कित्येक वर्षे त्यांनी आपल्या पराक्रमाची जाहीर वाच्यता केली नाही. १९७३ नंतर ही हकीकत जगाला कळू लागली. १३ फेब्रुवारी १९८० रोजी वॉर्सा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याजवळ ना शस्त्र होते, ना सेना. कागद, लेखणी आणि अथक विचार यांच्या बळावर त्यांनी देशाची सेवा केली.