विठ्ठलराव विखे पाटील : कालव्याकाठच्या उसाला कारखाना देणारा शेतकरी

नालासोपारा-वसईच्या वाड्यांत ऊस जुना. विहिरीवरच्या रहाटाचे पाणी देऊन केळीच्या जोडीने तो पिकत असे. पण बागा लहान. साखर कारखान्याला लागते तेवढे सलग क्षेत्र इथे झाले नाही. ते झाले घाटावर, कालव्यांच्या काठी. कसे झाले, हे समजून घ्यायला नगर जिल्ह्यातील लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचे आयुष्य पाहावे.

शाळा थोडीच झालेली, घरी शेती. सावकारी कर्जात शेतकऱ्यांच्या जमिनी जाताना पाहून त्यांनी १९२३ साली लोणीत सहकारी पतपेढी काढली. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. पाणी आले, पण पैसा आलाच असे नाही. बेणे, खत, पाणीपट्टी हा खर्च आधीच होऊन बसे. गुळाचा भाव पडला की कर्ज अंगावर. जवळच हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, पण त्याचा भर कंपनीच्या स्वतःच्या मळ्यांवर.

इथे या पिकाचा स्वभाव लक्षात घ्या. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळावा लागतो. उशीर झाला की वजन घटते, उताराही घटतो. म्हणून ऊस फार लांब नेऊन चालत नाही. कारखानाच उसाजवळ यावा लागतो.

१९४५ साली बेलापूर रोड (आजचे श्रीरामपूर) येथे कालव्यांवरील बागायतदारांची परिषद झाली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी तिथे सहकारी कारखान्याची कल्पना उचलून धरली. भागभांडवलासाठी विठ्ठलराव गावोगाव फिरले. कर्जात बुडालेल्या माणसाकडे पुन्हा पैसे मागायचे, हे सर्वांत अवघड काम. ते सभेत भाषण करून होणारे नव्हते, ओट्यावर बसूनच झाले. पुढे वैकुंठभाई मेहतांचे पाठबळ मिळाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले. गाडगीळ अध्यक्ष, विठ्ठलराव उपाध्यक्ष.

मग हाच नमुना घेऊन कोपरगाव, राहुरी, संगमनेर आणि पार कोल्हापूर-सांगलीपर्यंत सहकारी कारखाने उभे राहिले. प्रत्येकाच्या भोवती उसाचे नवे शिवार तयार झाले. त्यासोबत जादा पाण्याने जमिनी चोपण होण्याचा त्रासही कालव्याकाठी वाढला. निचऱ्याचे चर आणि ठिबक यांची गरज तिथूनच सुरू होते.

विठ्ठलरावांना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८० साली ते वारले. प्रवरानगरचा कारखाना आज त्यांच्याच नावाने चालतो.