सर्व्हर स्लो का होतो? शंभर वर्षांपूर्वी हे गणित मांडणारे एर्लांग

तत्काळ तिकिटाची वेळ होते, तुम्ही बटण दाबता आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतच राहतं. दहावीच्या निकालाच्या दिवशीही तेच होतं. आपण वैतागून म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे.

पण एकाच वेळी खूप लोक आले तर किती जणांना थांबावं लागेल आणि त्यासाठी किती यंत्रणा उभी करावी, याचं गणित कॉम्प्युटर यायच्या आधीच मांडलं गेलं होतं. ते मांडणारे गृहस्थ डेन्मार्कमधल्या एका टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. त्यांचं नाव आग्नर क्रारूप एर्लांग.

मास्तरांचा मुलगा

एर्लांग यांचा जन्म 1 जानेवारी 1878 चा, डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या ल्योनबोर्ग गावचा. वडील गावातल्या शाळेत मास्तर होते. वयाच्या अवघ्या 14 व्या वर्षी एर्लांग कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले. पुढे 1901 मध्ये त्यांनी गणितातली पदवी घेतली आणि काही वर्षं शाळांमधून शिकवलं.

गणिताची आवड मात्र सुटली नव्हती. डॅनिश गणितज्ञांच्या बैठकांना ते जात. तिथे त्यांची ओळख योहान येन्सेन यांच्याशी झाली. येन्सेन गणितात नावाजलेले होते, पण नोकरीने कोपनहेगन टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होते. या ओळखीतून 1908 मध्ये एर्लांग कंपनीत आले.

कंपनीपुढचा पेच

तेव्हा फोन लावायचा तर आधी एक्सचेंजमधल्या ऑपरेटरला सांगावं लागायचं. ती हाताने वायर जोडून द्यायची. कंपनीपुढे दोन प्रश्न होते. लाइन किती टाकायच्या? ऑपरेटर किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर लोक ताटकळणार, जास्त ठेवल्या तर पैसे वाया जाणार.

सरासरी काढून हा प्रश्न सुटत नव्हता. समजा तासाला 200 कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी 3 मिनिटं चालतो. एकूण 600 मिनिटं, म्हणजे 10 तासांचं बोलणं. मग 10 लाइन पुरायला हव्यात, असं वाटतं. पण कॉल काही रांगेत शिस्तीने एकामागून एक येत नाहीत. कधी पाच मिनिटं शुकशुकाट असतो, तर कधी एका मिनिटात दहा जण येतात. शुकशुकाटात फुकट गेलेला वेळ पुढच्या गर्दीत वापरता येत नाही.

1909 मध्ये एर्लांग यांनी दाखवून दिलं की, कॉलच्या या बेभरवशी येण्यालाही गणिती नियम लागू होतो. 1917 च्या लेखात त्यांनी थेट वापरता येतील अशी सूत्रं दिली. एक सूत्र सांगतं, किती कॉलना लाइन मिळणारच नाही. दुसरं सांगतं, रांगेत किती थांबावं लागेल.

वरच्याच उदाहरणात पहिलं सूत्र वापरून पाहा. 10 लाइन ठेवल्या तर 100 पैकी सुमारे 21 कॉल लागतच नाहीत. 15 केल्या तर न लागणारे कॉल चारच्या आत येतात आणि 18 केल्या तर एकाच्याही आत. म्हणजे थोडी मोकळी जागा ठेवणं ही उधळपट्टी नाही. ती किती ठेवायची, हे आता मोजता येत होतं.

रांगेचं गणित तर आणखी बोलकं आहे. एकच खिडकी आहे, लोक कधीही येतात आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमी-जास्त आहे, असं समजा. खिडकी निम्मा वेळ व्यापलेली असेल तर थांबणं धरून माणसाला कामाच्या सरासरी दुप्पट वेळ लागतो. ती 90 टक्के वेळ व्यापलेली असेल तर तोच वेळ दसपट होतो. आजचा सर्व्हर 90 टक्के भरला की अ‍ॅप अचानक का रखडतं, याचं एक मोठं कारण हेच.

मॅनहोलमध्ये उतरणारे गणितज्ञ

एर्लांग नुसते टेबलावरचे गणिती नव्हते. जमिनीखालच्या केबलमधून होणारी विजेची गळती मोजायलाही ते स्वतः जात. सुरुवातीला हाताखाली माणसं नव्हती. शिडी घेतलेला एक कामगार सोबत घेऊन ते कोपनहेगनच्या रस्त्यांवर फिरत आणि मॅनहोलमध्ये उतरत.

त्यांनी लग्न केलं नाही. पुस्तकं जमवणं आणि गरजूंना गाजावाजा न करता मदत करणं, हा त्यांचा स्वभाव होता. जवळपास 20 वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नव्हती. जानेवारी 1929 मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात गेले आणि 3 फेब्रुवारीला वयाच्या 51 व्या वर्षी वारले.

नाव मागे राहिलं

1946 मध्ये टेलिफोनचा भार मोजण्याच्या एककाला एर्लांग हे नाव मिळालं. एक लाइन सलग तासभर व्यापलेली असेल तर तो एक एर्लांग. 1980 च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या प्रोग्रामिंग भाषेलाही हेच नाव आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर याच भाषेच्या जोरावर वाढले.

इंटरनेटवरची गर्दी टेलिफोनपेक्षा जास्त लहरी असते, त्यामुळे ही सूत्रं तिथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. तरी कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची इथपासून सर्व्हर किती ठेवायचे इथपर्यंत हिशोबाची सुरुवात आजही त्यांच्यापासूनच होते.

तेव्हा पुढच्या वेळी ते चक्र फिरायला लागलं की लक्षात ठेवा, तिथलं मशीन बिघडलेलंच असेल असं नाही. कदाचित गर्दीच्या तासासाठी जागा किती मोकळी ठेवायची, हा हिशोब कुणीतरी सरासरीवर उरकला असेल.