एका दिवसाचे महाराज : पॅट्रिक गेडिस

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. विषय जीवशास्त्र, गुरू थॉमस हक्स्ली. १८७९ मध्ये मेक्सिकोत संशोधन करीत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली. ती परतली तरी सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे फारसे झेपेना. मग या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपले निरीक्षण नगरांकडे वळविले. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत राहावयास गेले आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंती रंगविणे, कचरा उपसणे, मोकळ्या तुकड्यांत बागा करणे, असे उद्योग त्यांनी आरंभिले.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडविले. तरी स्नेह्यांनी नवे साहित्य जमवून पाठविले आणि प्रदर्शन झालेच. प्लेगच्या भीतीने तेव्हा नगरसुधारणा म्हणजे जुने मोहल्ले पाडून सरळ, रुंद रस्ते काढणे, असे समीकरण झाले होते. ज्यांची घरे जात, ते दुसऱ्या दाट वस्तीत शिरत. रोग त्यांच्याबरोबर जाई आणि धंदा मात्र मागे राहून तुटे. गेडिस गल्लीबोळ पायी हिंडत. एखादे पडके घर काढावे, तेथे चौक करून झाड लावावे, विहीर बुजविण्याऐवजी स्वच्छ करावी, हा त्यांचा उपाय. तंजावरसाठी त्यांनी अशीच योजना सुचविली. तिचा खर्चही रस्त्याच्या मूळ योजनेहून पुष्कळच कमी होता. स्थळ, काम आणि लोक ही तीन अंगे वेगळी करता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. भिलाईचे आखीव सेक्टर पाहत वाढलेल्या वाचकास हा मार्ग अपरिचित वाटेल. पण भिलाई नव्याने आखून वसविलेली, गेडिस यांच्यापुढे नांदती गावे होती.

होळकरांच्या इंदुरात त्यांची खरी कसोटी लागली. सर्वेक्षण करणारा हा साहेब घरे पाडावयास आला, अशी लोकांची समजूत झाली होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. गेडिस यांनी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला. दिवाळीची मिरवणूक त्या वर्षी नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या मोहल्ल्यांनी सर्वाधिक घरे झाडून, दुरुस्त करून ठेवली असतील, त्यांतूनच जाईल, अशी घोषणा झाली. मग काय विचारता! आळीआळींत चुरस लागली. मिरवणुकीत लक्ष्मी होती, नव्या नगराची प्रतिकृती होती, प्लेगच्या उंदराचा भला मोठा पुतळाही होता. शुभ्र वस्त्रे नेसून हार घातलेले सफाई कामगारही त्यात सन्मानाने चालत होते, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हे. शेवटी उंदराचे दहन झाले.

१९१७ मध्ये पुत्र युद्धात पडला. त्याच वर्षी ॲनाबाईही निवर्तल्या. अशा दुःखातही काम थांबले नाही. इंदूरचा द्विखंडी अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते, गो. स. घुर्ये हे तेथील त्यांचे विद्यार्थी. त्यांच्या अनेक योजना कागदावरच राहिल्या. संस्थानिकांच्या मर्जीवर विसंबून लोकांचे नगर घडवू पाहण्यातील अडचण ती हीच. १९२४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे देहावसान झाले.