रामलिंग मुदगडचा मल्ल

निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे नाव महाराष्ट्रातील कुस्तीशौकिनांच्या ओठी रुळले ते हरिश्चंद्र बिराजदार यांच्यामुळे. १९५० साली त्यांचा जन्म झाला तेव्हा लातूर जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. पाऊस बेभरवशाचा आणि ताटात ज्वारीची भाकरी व डाळ, असा हा मुलूख. या अन्नावर अंग काटक होते, पण सहजी भरत नाही. केसरी किताबाची लढत तर खुल्या गटाची. तिथे चपळाईला वजनाची जोड नसेल तर निभाव लागणे कठीण.

बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत दाखल झाले. राजर्षी शाहूंच्या आश्रयाने वाढलेली कुस्ती आणि म्हशीचे धारोष्ण दूध यांसाठी ते शहर प्रसिद्ध. गावाकडून आलेल्या सडपातळ पोराचे अंग भरण्याची तालमीची रीत ठरलेली असे. पहाटे जोर-बैठका, मग लाल मातीत लढती. त्यानंतर भिजवून वाटलेल्या बदामांची थंडाई, दूध, तूप, पोटभर जेवण आणि दुपारची गाढ झोप. सायंकाळी पुन्हा मेहनत. खुराक मेहनतीच्या मापाने वाढवायचा, हा वस्तादांचा दंडक. नुसते तूप रिचवले तर पोट सुटते आणि नुसती मेहनत केली तर अंग झडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आजचे आहारशास्त्रही थोडे अधिक उष्मांक, पुरेशी प्रथिने, ताकदीचा व्यायाम आणि विश्रांती यांवरच भर देते. आठवड्याला पाव ते अर्धा किलोची वाढ पुरेशी मानते. तूप-बदामांचा तो सढळ हात मात्र दिवसभर घाम गाळणाऱ्यालाच पचावा. पावडरीच्या डब्यावर महिनाभरात पैलवान होऊ पाहणाऱ्यांना हा हिशेब रुचत नाही, ही गोष्ट वेगळी.

१९६९ साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातुरात भरली. ऐन विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या बिराजदारांनी आपल्याच मुलखात मानाची गदा उंचावली. मराठवाड्याच्या मल्लाने किताब जिंकावा आणि तोही घरच्या मातीत, असा योग क्वचितच येतो. १९७२ साली ते रुस्तुम-ए-हिंद झाले. पण जाणकार आजही आठवण काढतात ती १९७७ सालच्या बेळगावच्या लढतीची. समोर होता दिल्लीचा बलाढ्य सतपाल, ज्याने पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत १०० किलो गटात सुवर्णपदक मिळवले. बिराजदारांनी त्याला अस्मान दाखवले.

लढणे थांबले तरी आखाडा सुटला नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद म्हणून उभे राहिले आणि नव्या पोरांचे बिराजदार मामा झाले. २००६ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली घडला. स्वतः खुल्या गटात नाव कमावलेल्या वस्तादाचा हा शिष्य हलक्या गटातला होता. वजन प्रत्येकाच्या हाडापेराला पेलेल तेवढेच असावे लागते, त्याचे हे बोलके उदाहरण.

१४ सप्टेंबर २०११ रोजी बिराजदारांचे पुण्यात निधन झाले. २०१८ साली राहुलने राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. पुढच्याच वर्षी तो ६१ किलो गटात उतरला आणि जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक घेऊन परतला.