पोलादी कांडीचा जोसेफ केकुकू

काही वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून मी एक स्वस्त गिटार आणली. तिच्या तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की त्या दाबता दाबता बोटांना घट्टे पडले, पण स्वच्छ सूर काही निघेना. महिन्याभरात ती कपाटावर जाऊन पडली. पुढे हवाईयन गिटारविषयी वाचताना जोसेफ केकुकूची ओळख झाली, आणि ज्या दोषापायी मी ती गिटार टाकली तोच दोष या माणसाने मुद्दाम करून घेतला होता असे कळले!

केकुकूचा जन्म २९ डिसेंबर १८७४ रोजी, प्रशांत महासागरातील हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर, लाईए या गावी झाला. त्या वेळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते. गिटार तेथली मूळची नव्हे. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या गुराख्यांनी आणि खलाशांनी ती तेथे आणली व बेटांवरच्या लोकांनी ती आपलीशी केली. केकुकू होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकायला गेला तेव्हा त्याच्या हाती होती ती अशीच एक साधी गिटार.

पुढची कथा सर्वत्र सांगितली जाते. सन १८८९ च्या सुमारास हा मुलगा गिटार घेऊन आगगाडीच्या रुळांवरून चालला होता. वाटेत पडलेला एक बोल्ट त्याने उचलला, तो तारेला लागला आणि तारेतून लांबत जाणारा, रडवेला सूर निघाला. ही कथा खरी की रचलेली, याचा निवाडा करणे कठीण आहे. मला तरी तिचे फारसे महत्त्व वाटत नाही. बोल्ट कोणाच्याही हातून तारेवर पडू शकतो. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. केकुकूने कंगवा वापरून पाहिला, चाकूची पाठ वापरून पाहिली. अखेर शाळेच्या कारखान्यात त्याने पोलादाची गुळगुळीत कांडी घडवली. आतड्याच्या तारांवर सूर टिकत नाही, म्हणून पोलादी तारा लावल्या. कांडी मानेवरच्या पडद्यांना अडखळू नये म्हणून तारा उंच केल्या. या खटाटोपात त्याची सात वर्षे गेली, असे सांगतात.

गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातील कांडी तारांवरून सरकवायची, अशी ही रीत. कांडी जेथे टेकेल तेथे सूर. पडदे केवळ खुणेपुरते उरतात आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना आपल्या मींडेसारखा घसरता स्वर मिळतो. विचित्र वीणा किंवा दक्षिणेतील गोट्टुवाद्यम ऐकणाऱ्यास ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. गंमत अशी की, या शोधाचा मान काही जण गॅब्रिएल डेव्हियन या खलाशाला देतात, आणि तो भारतात जन्मलेला होता असे म्हणतात. पहिला कोण, हा वाद मिटणे अवघड. पण वाद्य तयार करून, वादन बसवून ते जगभर नेले केकुकूनेच. माझ्या मते मान त्याचाच.

दरम्यान त्याचा देश मात्र हातचा गेला. १८९३ साली राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली आणि १८९८ साली अमेरिकेने बेटे आपल्या राज्यास जोडली. १९०४ साली केकुकू अमेरिकेस गेला. पश्चिम किनाऱ्यावरील शहरांतून त्याने कार्यक्रम केले, शिष्य तयार केले. १९०९ च्या सिअ‍ॅटलच्या प्रदर्शनातही तो वाजवीत होता. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तर हवाईच्या संगीताचे वेडच अमेरिकेत पसरले. १९१९ साली एका नाटक मंडळीबरोबर तो युरोपला गेला आणि सुमारे आठ वर्षे तिकडे फिरला. परतल्यावर शिकागोत शिकवण्या केल्या. शेवटी न्यू जर्सीतील डोव्हर या गावी तो पत्नीसह राहिला. १६ जानेवारी १९३२ रोजी तो वारला. त्याला मूठमाती मिळाली तीही डोव्हरलाच, लाईएपासून हजारो मैलांवर.

त्याच वर्षी रिकनबॅकरची विजेवर वाजणारी गिटार बाजारात आली. रूपाने ती तळणीच्या तव्यासारखी, पण वाजवायची मात्र केकुकूच्या रीतीने, मांडीवर ठेवून. एक अडचण तरीही राहिली होती. सरळ कांडी सर्व तारांवर एकाच रेषेत टेकते. म्हणून तारा ज्या स्वरसमूहात जुळवल्या असतील तोच वर-खाली होतो, त्यातील स्वरांचे आपसातले नाते बदलत नाही. १९४० च्या सुमारास पायाने दाबायच्या पेडलांची जोड मिळाली. पेडल दाबताच ठरावीक तारांचा सूर चढतो वा उतरतो. १९५४ साली वेब पिअर्सच्या गाण्यात बड आयझॅक्सने, तारा वाजत असतानाच पेडल दाबून, याचा असा काही उपयोग केला की अमेरिकेतील अनेक वादकांनी आपल्या वाद्यांना पेडल बसवून घेतले. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनी पेडलांच्या वाटेस न जाता याच हवाईयन गिटारवर राग मांडले. १९६७ च्या कॉल ऑफ द व्हॅली या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला जी गिटार ऐकू येते, ती काबरांचीच.

माझी गिटार आता कपाटावरून खाली आली आहे. कांडी म्हणून पान्याची गुळगुळीत दांडी वापरतो. सूर अजून नेमक्या जागी लागत नाही. खुणेच्या किंचित अलीकडेच कांडी थांबते.