उपसागरावरील पहारेकरी

उत्तर समुद्रात, जर्मनीच्या किनाऱ्यालगतच्या विस्तीर्ण उपसागरात, हेलिगोलंड नावाचे एक चिमुकले बेट आहे. तांबड्या खडकाच्या या बेटावर एरवी वारा आणि लाटा यांचेच राज्य असते. परंतु वसंत ऋतूची चाहूल लागली, की तेथील आकाश जागे होते. दक्षिणेकडे हिवाळा काढून उत्तरेकडील विणीच्या प्रदेशात परतणारे चंडोल, टिटव्या आणि साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्षी थव्याथव्यांनी उपसागर ओलांडू लागतात. अंधाऱ्या रात्री दीपगृहाच्या प्रकाशाने भांबावून ते त्याच्याभोवती घिरट्या घालतात, आणि थकलेले पक्षी क्षणभर बेटावर विसावतात. या पाहुण्यांच्या येण्याजाण्यावर एका चित्रकाराने जवळजवळ आयुष्यभर पहारा केला. त्यांचे नाव हाइनरिख गेटके.

गेटके यांचा जन्म १८१४ साली प्रशियातील ब्रांडेनबुर्ग प्रांतात झाला. समुद्राची चित्रे रंगवावीत, या हेतूने १८३७ साली ते हेलिगोलंड येथे आले. त्या वेळी हे बेट इंग्रजांच्या ताब्यात होते. चित्रे काढावयास आलेला हा तरुण तेथेच रमला. त्यांनी बेटावरच संसार थाटला व पुढे तेथील सरकारी कचेरीत चिटणीसाचे काम पत्करले.

बेटावरील लोकांच्या दृष्टीने पक्षी म्हणजे आयते अन्न. झुडुपांच्या ओळी रचून त्यांवर जाळी पसरावी आणि आडोशाला उतरणारे कस्तूर पक्षी पकडावेत, अशी त्यांची रीत होती. गेटके यांच्या चित्रकाराच्या नजरेस मात्र प्रत्येक पिसाची छटा वेगळी दिसे. हे पक्षी कोठून येतात, प्रथम कोण येतो, कोणत्या वाऱ्याबरोबर येतो, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईनात. ते आल्या-गेल्या पक्ष्यांची आणि वारा-हवामानाची नोंद करू लागले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते पक्षी मारून, पेंढा भरून जतनही करीत. आज आपणास हे रुचणार नाही. परंतु जातींची खात्री पटविण्याचा दुसरा मार्ग त्या वेळी फारसा नव्हता.

वर्षांमागून वर्षे गेली, तशी या नोंदींतून नवी सत्ये उमलू लागली. अनेक जातींत दक्षिणेकडे जाताना त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले आधी निघतात, तर वसंतात परतताना प्रौढ नर पुढे असतात, हे त्यांनी दाखवून दिले. सैबीरियातील इवलेसे पक्षीही वाट वाकडी करून या बेटावर पोहोचतात, हे त्यांनी सिद्ध केले. त्या लहानशा भूमीवर त्यांनी सुमारे ४०० जातींचे पक्षी नोंदविले.

१८९१ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील काही अनुमाने पुढे चुकीची ठरली. निळ्या गळ्याचा शंकर पक्षी वसंतातील एका रात्रीत आफ्रिकेहून थेट हेलिगोलंड गाठतो, असे त्यांना वाटे. असे लहान पक्षी साधारणपणे ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने उडतात आणि वाटेत विसावे घेतात, हे आता आपणास ठाऊक आहे. अनुमाने ढासळली, नोंदी मात्र टिकल्या. कारण त्या प्रामाणिक होत्या.

१८९७ साली गेटके यांचे निधन झाले. पुढे १९१० साली त्याच बेटावर पक्षिनिरीक्षण केंद्र स्थापन झाले. बेटवासीयांच्या झुडुपांच्या सापळ्यावरूनच तेथे जाळीचा मोठा पिंजरा तयार करण्यात आला. परंतु त्यात शिरलेला पक्षी आता चुलीकडे जात नसे. पायात क्रमांकाची हलकी कडी घालून त्यास पुन्हा आकाशात सोडण्यात येई. आपले थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली १९२९ साली जर्मनीस गेले, तेव्हा कडी घालण्याच्या या कामाचा अनुभव त्यांनी याच केंद्रात घेतला.

हिवाळ्यात तो शंकर पक्षी आपल्या महाराष्ट्रातही पाणथळ जागी येतो आणि वसंतात उत्तरेकडे परततो. त्याच्या येण्याचा व जाण्याचा दिवस टिपून ठेवावयास एक वही आणि थोडा धीर एवढेच लागते. हेलिगोलंडच्या त्या चित्रकारानेही आरंभ याहून मोठ्या भांडवलावर केला नव्हता.