दार बांधणारा माणूस

अपोलो बंदरावरची कमान पाहिल्यावाचून मुंबईचा पाहुणा सहसा परतत नाही. ती कोणत्या राजासाठी उभारली हे त्यास कोणीही सांगतो. ती कोणी उभारली हे मात्र सांगणारा सापडत नाही, आणि पाहुणाही ते विचारीत नाही. आम्ही शिक्षकी पेशात होतो त्या काळी वर्गातील मुलांना घेऊन एकदा तेथे गेलो होतो. एका मुलाने नेमका हाच प्रश्न केला. आम्ही पंचम जॉर्जचे नाव सांगून मोकळे झालो. राजाने ती बांधली काय, असे त्याने पुन्हा विचारले, तेव्हा आम्हांस निरुत्तर व्हावे लागले. त्या मुलाची उत्तराची बाकी आज फेडावी असे मनात आहे. कारण १२ मे हा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेचा जन्मदिवस, आणि तिचा पहिला अध्यक्ष व या कमानीचा कर्ता एकच होता.

जॉर्ज विटेट यांचा जन्म १८७८ सालचा, स्कॉटलंडमधला. वास्तुविद्येचे शिक्षण पर्थ येथे झाले. पुढे एडिंबरो आणि यॉर्क येथे उमेदवारी करून ते १९०४ साली हिंदुस्थानात आले आणि मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुशिल्पज्ञ जॉन बेग यांचे सहायक झाले. बेग यांच्यानंतर ती जागा त्यांच्याकडे आली. बेग यांनी आखलेल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या बांधकामावर देखरेख ठेवण्याचे कामही विटेट यांनी केले. ती इमारत १९१३ साली पुरी झाली.

तोवरची सरकारी मुंबई गॉथिक होती. उंच मनोरे, टोकदार कमानी, रंगीत काचा. सारा सरंजाम विलायतेतून आणून येथल्या पावसात उभा केलेला. बेग आणि विटेट यांनी वाट बदलली. विजापूर त्या काळी मुंबई इलाख्यातच होते आणि तेथे गोलघुमट उभा होता. साहेबाला घुमट हवा असेल तर तो पाहण्यासाठी रोमला जाण्याचे कारण नव्हते. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली. त्याच्या आराखड्यासाठी खुली स्पर्धा झाली आणि १९०९ साली विटेट यांची निवड झाली. कुर्ल्याचा करडा दगड, मालाडचा पिवळसर दगड, माथ्यावर विजापुरी वळणाचा घुमट, आणि आत शिरताच मराठी वाड्याचे लाकडी खांब व सज्जे! हे खांब म्हणजे नक्कल नव्हे. नाशिककडच्या एका जुन्या वाड्याचे लाकूडकाम विकत घेऊन ते तेथे बसविले आहे. इमारत १९१४ साली तयार झाली, पण महायुद्ध आड आले. तिचा उपयोग लष्करी इस्पितळासाठी झाला आणि संग्रहालय म्हणून तिचे दार उघडावयास १९२२ चा जानेवारी उजाडला.

या शैलीस खिचडी म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आक्षेप अगदीच खोटा नाही. चार ठिकाणचे चार नमुने उचलून एका भिंतीत बसविले की शैली होत नाही, आणि परक्या सत्तेने जित लोकांची कला अंगावर मिरविण्यात राजकारण नव्हते असे कोण म्हणेल? तथापि आमच्या मते संग्रहालयाची इमारत या कसोटीस उतरते. तिच्या ओवऱ्यांत भर उन्हाळ्यात सावली असते, वारा खेळतो. ज्याने ती आखली त्याने ही हवा सोसली होती.

कमानीची गोष्ट निराळी. २ डिसेंबर १९११ रोजी राजा उतरला तेव्हा बंदरावर पुठ्ठ्याचा देखावाच उभा होता. पक्क्या इमारतीची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसली. आराखडा बरोबर एक वर्षाने, १९१४ च्या ३१ मार्चला मंजूर झाला. पुढची काही वर्षे समुद्र हटवून पाया भरण्यातच गेली. पिवळा बेसाल्ट व काँक्रीट यांचे हे काम. घडण सोळाव्या शतकातील गुजराती वास्तूंची, दगडी जाळ्या ग्वाल्हेरच्या. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट, उंची ८३ फूट. सुमारे २१ लाख रुपये खर्ची पडले आणि पैसा संपला. कमानीसमोर भव्य रस्ता व्हावयाचा होता, तो झालाच नाही. म्हणून ती आजही रस्त्याशी तिरकी उभी दिसते. नगररचनेचे शहाणपण आराखड्यात असते आणि तिजोरी दुसऱ्याच्या हाती असते, हा अनुभव मुंबईस काही नवा नाही.

बांधकामावर देखरेख करणारे रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई यांचे नाव तर विटेट यांच्याहूनही कमी लोकांस ठाऊक आहे. आराखडा साहेबाचा आणि उन्हातान्हात दगड जुळविणारा हात येथला, अशीच त्या काळच्या बहुतेक इमारतींची हकीकत आहे.

या पार्श्वभूमीवर १९१७ सालाकडे पाहावे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्राध्यापक रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली वास्तुकला शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्या वर्षी १२ मे रोजी आपली संघटना काढली. नाव साधे, विद्यार्थ्यांची संघटना एवढेच. विटेट हे सरकारचे बडे अधिकारी. पोरांच्या मंडळात बसण्याचे त्यांना काही कारण नव्हते. ते पहिले अध्यक्ष झाले. या धंद्यात येथल्या तरुणांना सरकारी कचेरीत नकाशे गिरविण्यापलीकडे फारसे स्थान नसण्याच्या काळातली ही गोष्ट आहे, म्हणून तिचे मोल आम्हांस अधिक वाटते. १९२२ साली ही संघटना बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाली आणि १९२९ साली तिने सध्याचे अखिल भारतीय नाव धारण केले.

विटेट यांनी १९१९ साली सरकारी चाकरी सोडली आणि टाटांच्या अभियांत्रिकी कंपनीत वास्तुविभागाची सूत्रे घेतली. टाटांचे बॉम्बे हाऊस, परळचे के. ई. एम. रुग्णालय ही त्यांचीच कामे. गोदी खणताना निघालेल्या भरावावर बावीस एकरांत वसलेली बॅलार्ड इस्टेटही त्यांचीच, आणि गंमत अशी की तेथे घुमट नाही, जाळी नाही. रस्ता थेट लंडनचा! व्यापाऱ्यास काय रुचते ते विटेट ओळखून होते. धरसोड म्हणावी की व्यवहार, हे ज्याने त्याने ठरवावे; आम्हांस त्यांचे मन संग्रहालयातच दिसते.

४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी कमान खुली केली. त्यानंतर दोनच वर्षांत, १९२६ साली, अतिसाराने विटेट यांचा मुंबईतच अंत झाला. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. ज्या कमानीतून राज्यकर्त्यांनी आत यावयाचे, तिच्यातूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्या पलटणीची शेवटची तुकडी बाहेर पडली. ते पाहावयास तिचा कर्ता नव्हता. तो शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत, याच शहराच्या मातीत, बावीस वर्षे आधीच विसावला होता.